पुटिका, अंड आणि माज : घोडीच्या जननविज्ञानातील काही संज्ञांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी पशुवैद्यकातील पारिभाषिक शब्दांची एक यादी भाषिक दृष्टीने तपासून द्यावी, असे बोलावणे प्रस्तुत लेखकास आले होते. यादीत अंडाशयातील त्या द्रवाने भरलेल्या गोल पिशवीसाठी तीन-चार पर्याय सुचविलेले होते. ‘अंडाशय’ हा शब्द रूढ आहेच, तेव्हा त्याच्या जोडीला शोभेल असा ‘अंडपुट’ हा शब्द घ्यावा, असे मत मी दिले. शब्द आटोपशीर होता, समास निर्दोष होता, आणि उच्चारासही अडचण नव्हती. बैठकीत पशुवैद्यकाचे एक ज्येष्ठ अध्यापक होते. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “माजावर आलेली घोडी तपासताना मुलांच्या हाताला चार सेंटिमीटरांचा फुगा लागतो. त्याला अंडपुट म्हटले, की पहिल्याच तासाला कोणी तरी विचारणार, ‘सर, एवढे मोठे अंड?’ मग मी त्यांना काय सांगावे, ते आपणच सांगा.”

घोडीचे अंड एका मिलिमीटराच्या दशांशाहून फारसे मोठे नसते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. उत्तर सुचले नाही. पुढे या विषयाचे वाचन करू लागलो तेव्हा असे ध्यानात आले, की माझी चूक नवी नव्हती. सतराव्या शतकातील एका अत्यंत कुशल शारीरविदाने तीच केली होती, आणि ती दुरुस्त होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली होती. प्रस्तुत लेख त्या वाचनाच्या टिपणांतून सिद्ध झाला आहे. लेखक शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यासक नाही, भाषेचा आहे. म्हणून येथे प्राधान्य नावांना आहे. शास्त्रात एखादी वस्तू नीट ओळखण्यापूर्वीच तिचे नाव ठरून जाते आणि मग पुढील निरीक्षकास ती वस्तू त्या नावातूनच दिसू लागते, हे सर्वसाधारणपणे मान्य होण्यासारखे आहे. परंतु घोडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. इतर प्राण्यांवरून बेतलेली जवळजवळ प्रत्येक संज्ञा या प्राण्याने अडचणीत आणली.

आरंभ माजापासून केला पाहिजे, कारण अंडाशयातील घडामोडी डोळ्यांस दिसत नसत, माज मात्र कोणाही घोडेवाल्यास दिसे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या प्राण्यांच्या इतिहासाच्या सहाव्या खंडात घोडीचा माज सर्व मादी-प्राण्यांत उत्कट म्हटला आहे. त्या काळात घोड्या वाऱ्याने गाभण राहतात अशी समजूत असल्याचे, आणि म्हणून क्रीट बेटात नराला घोड्यांपासून दूर करीत नसत असेही तो नमूद करतो. अशा घोड्या कळप सोडून धावत सुटतात. पूर्वेस वा पश्चिमेस नव्हे, तर उत्तरेस किंवा दक्षिणेस. पुढे रोमन कवी व्हर्जिलने आपल्या कृषिकाव्यात हीच वाऱ्याची कथा रंगवून सांगितली. या कथेची थट्टा करणे सोपे आहे. परंतु तीमागील निरीक्षण खोटे नाही. वसंत ऋतू येतो, दिवस मोठे होतात, वारे पालटतात, आणि हिवाळाभर उदासीन असलेल्या घोड्या एकाएकी माजावर येतात. कारण शोधणाऱ्यास वाराच प्रथम सापडला. वास्तविक कारण प्रकाश होते, हे पुढे १९४७ साली इंग्लंडमध्ये बुर्कहार्ट यांनी हिवाळ्यात घोड्यांना कृत्रिम प्रकाशात ठेवून दाखविले. दिवसमान वाढले की घोडीचे अंडाशय जागे होते. वारा आणि प्रकाश एकाच ऋतूचे सोबती, तेव्हा प्राचीनांची चूक एका पावलाचीच म्हणावी लागेल.

ग्रीकांनी या अवस्थेस लावलेला शब्द ‘ऑइस्ट्रॉस’. त्याचा मूळ अर्थ गोमाशी. गुरांना दंश करून उधळून लावणारी माशी. हीराने गाय झालेल्या आयोच्या मागे लावलेली माशी ती हीच. दंशावरून वेड, वेडावरून कामवेग, असा अर्थविस्तार झाला. आपला ‘माज’ अगदी निराळ्या वाटेने आला आहे. संस्कृत ‘माद्यति’पासून ‘माजणे’. ‘द्य’चा ‘ज्ज’ आणि त्याचा ‘ज’ हा प्राकृतातील नित्याचाच बदल. शेतात तण माजते, माणसाला पैशाचा माज चढतो, आणि घोडी माजावर येते. ग्रीक शब्दात पीडा बाहेरून येऊन डसते, मराठी शब्दात मस्ती आतून भरून येते. उत्तरेकडील हिंदीत तर घोडीपुरता ‘अलंग’ असा खास शब्द आहे. गाईला तो लागत नाही. घोडीचा माज निराळा, हे तेथील घोडेवाल्यांनी शब्दातच नोंदवून ठेवले, असे म्हणता येईल. तो निराळा कसा, ते पुढे येईल.

आता अंडाशयाकडे वळू. हे इंद्रिय ठाऊक नव्हते असे नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्याच ग्रंथात डुकरिणीच्या पोटातील एक भाग कापून काढल्यास तिचा माज बंद होतो आणि ती लठ्ठ होते, अशी नोंद आहे. म्हणजे व्यवहार पुढे होता, सिद्धांत मागे. सिद्धांताने स्त्रीला केवळ द्रव्य पुरविणारी मानले होते. रूप देणारा तो पुरुष. पुढे अलेक्झांड्रियाच्या परंपरेने आणि तीनंतर गॅलेनने स्त्रीदेहातील या दोन गोलकांना पुरुषाच्या वृषणांचेच नाव दिले. दोघांचेही बीज असते, असा गॅलेनचा पक्ष होता. त्यामुळे सुमारे दीड हजार वर्षे युरोपीय ग्रंथांत या इंद्रियाचे नाव ‘स्त्रीचे वृषण’ असेच राहिले. नाव वृषणाचे, तेव्हा शोध घेतला जाई तो रेताचा. आणि ते काही सापडत नसे. विल्यम हार्वेसारख्या चिकित्सकाने राजाच्या हरिणींची कित्येक विच्छेदने केली. तरी १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे ‘वृषण’ निष्प्रयोजन ठरविलेले आढळतात. सर्व जीव अंडापासून उत्पन्न होतात, अशा आशयाचे वाक्य ज्या ग्रंथाच्या मुखचित्रावर कोरलेले आहे, त्याच ग्रंथात अंडाशयाला काहीच काम उरलेले नाही, हे पाहून मन चकित होते.

नाव पालटले ते १६६७ साली. निकोलस स्टेनो हा डॅनिश शारीरविद पिल्ले देणाऱ्या एका जातीच्या शार्कचे विच्छेदन करीत असता, स्त्रियांचे ‘वृषण’ हे वस्तुतः अंडी देणाऱ्या प्राण्यांच्या अंडाशयाशी सदृश आहेत, असा अभिप्राय त्याने दिला. नवे काही दिसले होते असे नव्हे. जुन्याच वस्तूला नवे नाव सुचले होते. पण एकदा ‘अंडाशय’ म्हटल्यावर त्यात अंडी असलीच पाहिजेत, आणि अंडी शोधू लागल्यावर ती ‘दिसली’ही. डेल्फ्ट येथील रेनिएर द ग्राफ याने १६७२ साली स्त्रीच्या जननेंद्रियांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात अंडाशयाच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या द्रवपूर्ण पिशव्या म्हणजेच अंडी, असे प्रतिपादन केले. कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या भागाप्रमाणे त्यांतील द्रव शिजविल्यावर गोठतो, हा त्याचा एक पुरावा होता. अग्रमानावरून स्वामरडाम या समकालीन शास्त्रज्ञाशी त्याचे भांडण झाले, ते रॉयल सोसायटीपर्यंत गेले, आणि १६७३ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी द ग्राफ निवर्तला.

द ग्राफची थोरवी अशी, की आपल्या मताविरुद्ध जाणारे निरीक्षण त्याने दडविले नाही. समागमानंतर तिसऱ्या दिवशी त्याला सशाच्या बीजवाहिनीत अंडी सापडली, आणि ती अंडाशयावरील पिशव्यांच्या मानाने फारच लहान होती. अंडे सुटून खाली आले असेल तर ते मूळच्यापेक्षा लहान कसे? त्याने काही स्पष्टीकरण देऊन वेळ निभावून नेली. पण आकडा तसाच लिहून ठेवला. येथे एक तर्क करण्याचा मोह आवरत नाही. सशाच्या पिशवीत आणि अंडात जेवढे अंतर आहे त्याच्या कितीतरी पट ते घोडीत आहे. तेथे पिशवी चाळीस मिलिमीटरांची आणि अंड दशांश मिलिमीटराचे. म्हणजे व्यासाचे प्रमाण काही शेकड्यांत जाते. द ग्राफने ससा सोडून घोडी घेतली असती, तर ती विसंगती अशी सहज निभावता आली नसती. अर्थात ते अंड त्याला घोडीच्या हातभर लांब बीजवाहिनीत सापडलेही नसते, हेही तितकेच खरे.

पुढील शतकात हालर याने मेंढ्यांची पुष्कळ विच्छेदने करून पाहिली. बीजवाहिनीत त्याला अंडे दिसेना. तेव्हा पिशवी म्हणजे अंडे नव्हेच. तिच्यातील द्रव गर्भाशयात उतरून तेथे गोठतो व त्यापासून गर्भ बनतो, असे त्याने ठरविले. म्हणजे स्टेनोच्या नावाने उघडलेले दार पुन्हा लोटले गेले. विल्यम क्रुइकशँक याने १७९७ साली सशाच्या बीजवाहिनीत अंडी पुन्हा दाखविली. परंतु ती पिशवीत असताना कशी असतात, हे कोणी पाहिलेले नव्हते. ते पाहिले कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने, १८२७ साली क्यॉनिग्सबर्ग येथे, आपल्या सहकाऱ्याच्या घरच्या एका कुत्रीच्या अंडाशयात. पिशवीत त्याला पिवळसर ठिपका दिसला. ती फोडून तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच तो इतका चमकला, की पुन्हा पाहण्याचे धैर्य होण्यास त्याला काही क्षण लागले. ही कथा विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते. तीतील पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि भाषाभ्यासकास तोच अधिक महत्त्वाचा वाटेल. फॉन बेअरने त्या कणाला ‘अंड’ म्हटले नाही. ‘अंडक’, म्हणजे लहानसे अंड, असे म्हटले. मातेच्या दृष्टीने द ग्राफची पिशवी हेच खरे अंड, आणि आपल्याला सापडलेला कण हे त्या अंडातील अंड, असे त्याचे मत होते. खरी वस्तू हाती आली, पण नावाची जागा आधीच भरलेली होती. म्हणून सत्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून दुय्यम आसनावर बसावे लागले.

कालांतराने आसने बदलली. कणाला ‘अंड’ म्हणू लागले आणि पिशवीला लॅटिनमधील ‘फॉलिक्युलस’ हे नाव राहिले. हा ‘फॉलिस’चा, म्हणजे चामड्याच्या पिशवीचा वा लोहाराच्या भात्याचा, लघुत्वदर्शक आहे. आपल्या शालेय पुस्तकांतील ‘पुटिका’ हाही ‘पुट’चा लघुत्वदर्शकच, तेव्हा भाषांतर अवयवशः बरोबर उतरले आहे, आणि त्यात अंडाचा उल्लेख नाही हा त्याचा गुणच म्हटला पाहिजे. घोडीच्या बाबतीत लघुत्व हास्यास्पद ठरते, ही गोष्ट निराळी. लघुत्वाचा प्रत्यय लागलेली ही वस्तू तिच्या अंडाशयाचा केवढा तरी भाग व्यापून बसते.

घोडीच्या अंडाशयाची घडणही इतरांसारखी नाही. गाय, मेंढी वा स्त्री यांच्या अंडाशयात पुटिका असणारा थर बाहेर आणि रक्तवाहिन्यांचा थर आत असतो. पुटिका पृष्ठभागावर कोठेही फुटू शकते. घोडीत ही मांडणी उलटी आहे. पुटिकांचा थर आत, आणि तो बाहेर उघडतो एका ठिकाणीच. अंडाशयाला घेवड्याच्या दाण्यासारखा आकार देणाऱ्या खाचेत. प्रत्येक अंड बाहेर पडते ते या एका खाचेतूनच. बीजवाहिनीत शिरल्यावरही विलक्षण प्रकार घडतो. अंड फलित झाले असेल तरच ते सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरते. अफलित अंडे वाहिनीतच अडकून राहतात आणि तेथेच कित्येक महिने झिजत जातात. हे फान नीकेर्क आणि गर्नेके यांनी १९६६ साली दाखवून दिले. गर्भाने आपण आलो आहोत अशी वर्दी दिल्याखेरीज वाट मोकळी होत नाही, आणि ही वर्दी एका रासायनिक द्रव्याने दिली जाते, हे त्यानंतर कळले.

विसाव्या शतकाच्या आरंभी संज्ञांची नवी व्यवस्था लावली ती केंब्रिजच्या वॉल्टर हीप याने. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने ग्रीकांची ती गोमाशी शास्त्रात कायमची आणली. माजाला ‘ऑइस्ट्रस’, आणि त्याच्या मागेपुढे उपसर्ग लावून पूर्वमाज, उत्तरमाज, मध्यंतर व अमाज अशा अवस्था. व्यवस्था इतकी सुबक होती, की ती सर्व सस्तन प्राण्यांना लागू झाली. घोडीला मात्र ती सैल बसते. तिच्यात पूर्वमाज व उत्तरमाज असे निराळे काढून दाखविता येत नाहीत. एकवीस-बावीस दिवसांच्या चक्रात पाच ते सात दिवस माज आणि उरलेले मध्यंतर, एवढे दोनच भाग व्यवहारात मानतात. त्याहूनही महत्त्वाचे असे, की हीपनंतर माज म्हणजे पुटिका पक्व झाल्याचे बाह्य चिन्ह, हे समीकरण दृढ झाले. घोडीने तेही मोडले. अंडाशय काढून टाकलेल्या घोड्याही अधूनमधून नराला स्वीकारतात. हिवाळ्यात अंडाशय निद्रिस्त असताना देखील काही घोड्या माज दाखवितात. अ‍ॅरिस्टॉटलच्या डुकरिणीवरून काढलेला नियम येथे लागू पडत नाही. घोडीत माजाला निमंत्रणाची फारशी गरज नसते. पीतपिंडाचा निषेध उठला, की तो येतो. अलंगाला स्वतंत्र शब्द देणारे घोडेवाले अगदीच चुकले नव्हते.

यानंतरचा काळ संप्रेरकांचा. १९०५ साली स्टार्लिंगने रूढ केलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चेतविणारा’ असा आहे, आणि मराठीतील ‘संप्रेरक’ त्याला समर्पक आहे. १९३० साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे कोल आणि हार्ट यांना असे आढळले, की गाभण घोडीचे रक्तजल लहान वयाच्या उंदरिणीस टोचले असता तिचे अंडाशय अकालीच पक्व होते. हे द्रव्य गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास घोडीच्या रक्तात प्रकट होते, दोन-अडीच महिन्यांच्या सुमारास शिखरावर पोचते, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत नाहीसे होते. त्याचे नाव ठेवले गेले ‘गाभण घोडीच्या रक्तजलातील जननग्रंथिपोषक’. नाव लांबलचक, पण प्रामाणिक होते. कोठून घेतले आणि काय करते, हे दोन्ही त्यात होते. मात्र ‘काय करते’ हा भाग उंदरिणीवरून ठरलेला होता. इतर प्राण्यांच्या पुटिका वाढविणारे हे द्रव्य खुद्द घोडीच्या पुटिकांवर तसा परिणाम करीत नाही. तिच्या शरीरात ते अंडमोचक संप्रेरकासारखे वागते आणि गाभणपणात दुय्यम पीतपिंड निर्माण करवून गर्भ राखण्यास साहाय्य करते. उंदरिणीच्या भाषेत लिहिलेले नाव घोडीला असे चिकटून राहिले.

त्याच सुमारास बर्नहार्ट झोंडेक याला गाभण घोडीच्या मूत्रात स्त्रीसंप्रेरकाचा प्रचंड साठा सापडला. १९३३ साली नाझी राजवटीमुळे त्याला बर्लिन सोडावे लागले, आणि १९३४ साली त्याने आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. नर घोड्याच्या मूत्रातही हेच ‘स्त्रीसंप्रेरक’ विपुल असते! शब्दाच्या व्युत्पत्तीने पाहता ‘इस्ट्रोजेन’ म्हणजे गोमाशीचे वेड उपजविणारे द्रव्य. ते मादीचे, हे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि ते सर्वाधिक आढळावे कोठे, तर पूर्णपणे नर असलेल्या प्राण्यात. पुरुषसंप्रेरक व स्त्रीसंप्रेरक ही विभागणी वस्तूत नसून आपल्या शब्दांत आहे, हे उमगण्यास या निरीक्षणाने मोठी मदत केली. पाठ्यपुस्तकांतून मात्र ती विभागणी अद्याप गेलेली नाही.

मूत्रातील या साठ्याचे पुढे औषध झाले. ते १९४१ साली कॅनडात आणि १९४२ साली अमेरिकेत ‘प्रेमारिन’ या नावाने विक्रीस आले. ऋतुनिवृत्तीच्या काळातील स्त्रियांनी ते अनेक दशके घेतले. हे नाव ‘गाभण’, ‘घोडी’ आणि ‘मूत्र’ या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून बनविलेले आहे. घेणाऱ्यांपैकी किती जणींना ते ठाऊक असेल? नाव उगम सांगते आणि त्याच क्षणी तो लपविते; संधी अशा रीतीने केला आहे, की विग्रह सुचूच नये. त्या मूत्रासाठी कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतील गोठ्यांत हजारो गाभण घोड्या हिवाळ्याचे महिने अरुंद ठाणांत बांधून ठेवल्या जात. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या संयुक्त उपचाराचे धोके दिसून आले, औषधाचा खप घसरला, आणि त्याबरोबर ते गोठेही झपाट्याने कमी झाले.

रक्तजलातील द्रव्याचे नावही बदलले, पण निराळ्या कारणाने. १९४३ साली कोल आणि गॉस यांनी ते गर्भाशयाच्या अस्तरातील पेल्यासारख्या उंचवट्यांत सापडते असे दाखविले होते, आणि हे पेले मातेच्याच पेशींचे, असे सर्वजण धरून चालले. १९७२ साली केंब्रिज येथील अ‍ॅलन आणि मूर यांनी सिद्ध केले, की या पेशी मातेच्या नव्हेत, गर्भाच्या आहेत. गर्भाच्या बाह्यावरणावरील एका पट्ट्यातून त्या छत्तिसाव्या दिवसानंतर मातेच्या अस्तरात घुसतात आणि तेथे वस्ती करतात. तेव्हा ‘गाभण घोडीचे’ हे विशेषण शास्त्रतः अपुरे ठरले आणि ‘अश्वीय गर्भावरणजन्य जननग्रंथिपोषक’ असे नवे नाव रूढ झाले. शास्त्राच्या दृष्टीने ही दुरुस्ती रास्तच आहे. तिच्याविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. पण नव्या नावातून दोन शब्द गळाले, ‘घोडी’ आणि ‘रक्त’. द्रव्य मात्र आजही गाभण घोडीच्या रक्तातूनच काढले जाते, आणि मुख्यतः डुकरिणी व मेंढ्या ठराविक वेळी माजावर आणण्यासाठी विकले जाते. अर्जेंटिना, उरुग्वे आणि आइसलँड येथे त्यासाठी घोड्यांचे कळप राखले गेले आहेत. तेथील वागणुकीची चित्रे २०१५ साली आणि आइसलँडपुरती २०२१ साली बाहेर आली, तेव्हा युरोपात मोठी खळबळ उडाली. जुने नाव टिकले असते, तर ही खळबळ इतकी उशिरा झाली असती काय, हा प्रश्न मी केवळ विचारून ठेवतो.

पुटिकेच्या वाढीचे ज्ञान मात्र या सर्व काळात हाताच्या बोटांवरच अवलंबून होते. गुदमार्गाने हात घालून अंडाशय चाचपावयाचे, आणि पुटिका केवढी व किती मऊ झाली आहे यावरून अंदाज बांधावयाचा. १९८० साली फ्रान्समध्ये पामर आणि ड्रियांकूर यांनी स्वनातीत ध्वनीने घोडीच्या अंडाशयाचे चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि जिवंत घोडीतील एकच पुटिका दिवसेंदिवस मोजता येऊ लागली. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे गिंथर यांनी हे मोजमाप अनेक दशके चालविले. त्यातून जे दिसले ते असे : पुटिका एकएकट्या वाढत नाहीत, त्यांची लाट उठते. लाटेतील पुटिका काही दिवस बरोबरीने, रोज सुमारे तीन मिलिमीटर या गतीने वाढतात. सर्वांत मोठी सुमारे साडेबावीस आणि दुसरी सुमारे एकोणीस मिलिमीटरांची झाली, की वाटा फुटतात. मोठी वाढतच राहते, इतर थबकतात व विरून जातात. मोठ्या पुटिकेने सोडलेल्या स्रावांमुळे पुटिकापोषक संप्रेरक उतरते. उतरलेल्या मात्रेवर तीच एकटी तग धरते. चाळीस मिलिमीटरांच्या आसपास ती पोचते, आणि माज संपण्यापूर्वी एक ते दोन दिवस अंड सोडते. माज सरण्याआधीच अंड गेलेले असते, हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी घोडा दाखविण्याची वेळ किती वेळा चुकविली असेल, याची गणती नाही.

या प्रकरणातील शब्द पाहण्यासारखे आहेत. विजयी पुटिकेला ‘वर्चस्वी’ म्हणतात, इतरांना ‘अधीन’, आणि घडामोडीला ‘निवड’. हा सारा शब्दसंग्रह दरबाराचा आहे. निवड म्हटले की निवडणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि तसा कोणी नसतो. गिंथर यांनी या क्षणासाठी ‘वळण फुटणे’ अशा अर्थाचा साधा, मोजता येणारा शब्द वापरला. दोन आलेखरेषा जेथे एकमेकींपासून दूर होतात तो दिवस. मला हा शब्द फार आवडला. यात वस्तूविषयी दिसले तेवढेच सांगितले आहे.

याच यंत्राने ‘रोपण’ या शब्दाचीही पंचाईत केली. गर्भ गर्भाशयात रुजतो, ही कल्पना सर्व भाषांत शेतीवरून आली आहे. आपल्याकडे तर बीज आणि क्षेत्र यांचा वाद मनुस्मृतीपासून चालत आला आहे. घोडीचा गर्भ गर्भाशयात उतरल्यावर रुजत नाही, हिंडतो. सोळाव्या दिवसापर्यंत तो गर्भाशयाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या घालीत असतो, मग एका जागी स्थिर होतो, आणि अस्तराशी त्याचा खरा संबंध जुळण्यास आणखी तीन-चार आठवडे जातात. अशा प्रवाशाला रोप म्हणणे कठीणच.

आमच्या यादीपुरते सांगावयाचे तर ‘अंडपुट’ मी मागे घेतला आणि ‘पुटिका’ कायम झाली. तंटा उरला तो अंडाविषयी. मराठी पुस्तकांत ‘अंड’, ‘स्त्रीबीज’, ‘डिंब’ आणि ‘बीजांड’ हे चारही शब्द चालतात. माझा कल ‘अंड’कडे होता. ‘बीजांड’ या समासात गॅलेनचे बीज आणि स्टेनोचे अंड शेजारी बसलेले आहेत, ही गंमत मी बैठकीत सांगितली, तेव्हा ते पशुवैद्यक गृहस्थ हसले आणि म्हणाले, “म्हणजे दोघांचेही समाधान झाले. राहू द्या तोच.” यादीत चारही शब्द तसेच छापले गेले, त्यांतील ‘बीजांड’ प्रथम आहे.